‘व’चा खण आणि रिकामा रकाना

मी जुना आहे, मित्रांनो, आणि लाकडाचा आहे. ‘जुना’ हा शब्द मी स्वतःसाठी वापरला तर चालतं. दुसऱ्या कोणी वापरला की मी कुरकुरतो. लाकडाच्या वस्तूला राग आला तर कुरकुरण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही. हां, अडून बसता येतं. ते मी एकदा केलं. त्याचीच ही गोष्ट आहे.

मी एका कपाटातला खण आहे. तुम्ही ज्याला ड्रॉवर म्हणता, तो. माझ्या कपाळावर पितळेची छोटी चौकट आहे आणि त्या चौकटीत जाड कागदावर ‘व’ लिहिलेलं आहे. आमचं कपाट एका शब्दकोशाच्या कचेरीत भिंतीला टेकून उभं होतं. एका अक्षराला एक खण. डावीकडे ‘ल’ राहायचा, उजवीकडे ‘श’. शेजार तसा बरा होता. पलीकडे ‘ळ’ होता. मराठीत एकही शब्द ‘ळ’पासून सुरू होत नाही, त्यामुळे त्याच्यात आयुष्यभरात शब्दाची एकही चिठ्ठी पडली नाही. पण त्याच्यात शिपाईमामांच्या खोकल्याच्या गोळ्या असत, सुईदोरा असे, जादा किल्ली असे, कोणाचा तरी चष्मा असे. दिवसातून सगळ्यात जास्त वेळा उघडला जाणारा खण तोच होता. त्याला रिकामा म्हणून कधी कोणी टाकून बोललं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता माझा जन्म. कचेरीच्या मागच्या अंगणात एक मोठं झाड होतं. कसलं होतं ते सांगत नाही, झाडांनाही अब्रू असते. त्याला दर वर्षी मोहोर यायचा आणि गळून जायचा. फळ एकदाही धरलं नाही. पंधरा वर्षं वाट पाहिल्यावर कचेरीच्या समितीनं ठराव केला की हे झाड वांझ असून निरुपयोगी आहे, सबब तोडावं. सावली हे फळ धरता येणार नाही, असंही समितीनं एकमतानं नोंदवलं. बैठक त्याच झाडाच्या सावलीत भरली होती, कारण आत फार उकडत होतं.

झाड पडलं. त्याच सुमारास आत कपाटाचं काम चालू होतं आणि सुताराला लाकूड कमी पडलं. ‘ल’पर्यंतचे खण विकतच्या लाकडाचे झाले होते. पुढच्यांसाठी त्यानं अंगणातला ओंडका आत घेतला. रंधा मारता मारता तो थांबला आणि समितीच्या अध्यक्षांना म्हणाला, “साहेब, असं लाकूड भेटत नाही बघा. फळात काही गेलंच नाही याचं, सगळं अंगात राहिलंय.” अध्यक्ष म्हणाले, “बरं बरं, लवकर आटपा.” पण मी ते ऐकलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. म्हणून तर मी ‘ल’पेक्षा थोडा ताठ आहे. सुतारानं मला केसभर रुंद केलं आणि त्यामुळे दमट हवेत मी अडतो, ही गोष्ट वेगळी. उणिवा सगळ्यांतच असतात. माझी मोजून एका केसाची आहे.

या कचेरीतली माणसं चारच, ओळखायला सोपी.

मुख्य संपादकांना सगळे पाठीमागे ‘स्वल्पविराम’ म्हणत, कारण ते बोलताना दर दोन शब्दांनी थांबत. “शिपाईमामा, जरा, पाणी, आणा,” असं. समोर मात्र ‘साहेब’. गुरुजी नावाचे एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी लग्न न करण्याचं व्रत घेतलं होतं आणि जगातले धर्मग्रंथ वाचून त्यांतले शब्द आणायचं काम त्यांच्याकडे होतं. नियमाबाहेर ते शिंकतसुद्धा नसत. शिपाईमामांना सहा मुलं होती आणि पत्र एकाचंही येत नसे. आणि बाई. बाईंना नुसतंच ‘बाई’ म्हणत. चिठ्ठ्या लिहिणं, लावणं, जपणं हे त्यांचं काम. त्यांचं अक्षर असं, की छापखान्यानं लाजावं.

चिठ्ठीचं सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. प्रत्येक शब्दाच्या प्रत्येक अर्थाला एक चिठ्ठी. चिठ्ठीवर रकाने: शब्द, अर्थ, वाक्य, कोण बोललं, कोणाला उद्देशून, कुठे, कोणत्या प्रसंगी, आणि शेवटी ऐकणाऱ्याची सही. वाक्य मनानं रचायचं नाही. कोणीतरी खरोखर बोललेलं किंवा छापलेलं हवं. कोणाचं नाव लिहायचं नाही, नुसतं नातं किंवा काम लिहायचं. स्वल्पविरामांचा हा नियम होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. “कोश, म्हणजे, आरसा,” ते म्हणत. “आरसा, काही, रचत नाही.”

कोशाचं काम कसं चालतं हे तुम्हाला माहीत नसेल. गोगलगाय आमच्याकडे आली असती तर घाई करते म्हणून तिला ताकीद मिळाली असती. नुसते स्वर संपायला अकरा वर्षं लागली. ‘अ’ काढला तेव्हा स्वल्पविरामांचे केस काळे होते. ‘क’ चालू झाला तोवर ते केस सोडून चालले होते.

तो ‘क’ चालू असतानाच एका सकाळी बाई लवकर आल्या. कचेरीत कोणी नव्हतं. त्यांनी पर्स टेबलावर ठेवली, उभ्या उभ्याच एक चिठ्ठी लिहिली, मला हळूच ओढलं, चिठ्ठी आत ठेवली आणि मला परत ढकललं. काम ‘क’चं आणि चिठ्ठी ‘व’ची. मला नवल वाटलं. चिठ्ठीवर शब्द होता ‘वांझ’. ‘कोणाला उद्देशून’ हा रकाना रिकामा होता. बाई रिकामा रकाना ठेवतील हे मला खरं वाटेना. नजरचूक असेल म्हणून मी गप्प राहिलो. तसाही मी गप्पच असतो.

पुढच्या वर्षी दुसरी चिठ्ठी आली. मग तिसरी. कधी दोन वर्षं काही नाही, मग एक. दर वेळी सकाळी, दर वेळी एकट्या असताना, आणि दर वेळी तो एकच रकाना कोरा. वीस वर्षांत सात चिठ्ठ्या झाल्या. बाईंना मूल नव्हतं हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. का नव्हतं, कोणामुळे नव्हतं, हे कोणाला माहीत नव्हतं आणि कोणी विचारलंही नाही. मित्रांनो, या शब्दाची सोय हीच आहे. तो एकदा वापरला की पुढचं काही विचारावं लागत नाही.

अखेर एकदाचा ‘व’ उजाडला.

वाचनाच्या आधी चिठ्ठ्यांची जुळवाजुळव चालते. गुरुजी ग्रंथांतून वेचलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन बाईंच्या टेबलाशी येऊन बसले. मामांनी दोघांपुढे चहा ठेवला.

“बाई, सत्तावीस ग्रंथ चाळले,” गुरुजी म्हणाले. “इकडचे, तिकडचे, समुद्रापलीकडचे. गोष्ट सगळीकडे एकच. घरात सगळं आहे, मूल नाही. बाई रडते. मग दारात कोणी पाहुणा येतो, नाहीतर आकाशातून आवाज येतो, आणि म्हातारपणी मुलगा होतो. पुढे तो फार मोठा माणूस होतो.”

“मुलगाच? मुलगी कुठेच नाही?”

“एखादी असेल. तळटीपेत.”

बाई हसल्या. मग चिठ्ठ्या सारख्या करता करता म्हणाल्या, “आणि जिला शेवटपर्यंत झालंच नाही, तिची?”

“तिची काय?”

“गोष्ट.”

गुरुजींनी कप खाली ठेवला. “बघावं लागेल,” ते म्हणाले. मग जरा आठवून म्हणाले, “तर्कशास्त्रात एक उल्लेख आहे. जे असूच शकत नाही त्याचं उदाहरण म्हणून जुने पंडित ‘वांझेचा मुलगा’ असं सांगतात. सशाचं शिंग, आकाशातलं फूल, त्याच पंगतीत.”

“म्हणजे एवढे मोठमोठे पंडित अशक्य गोष्ट शोधायला निघाले,” बाई म्हणाल्या, “आणि थेट आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसले.”

“माझ्याकडे शक्य असलेली सहा आहेत,” मामा कप उचलत म्हणाले. “पण सशाच्या शिंगाचं पत्र आधी येईल.”

गुरुजी हसले नाहीत. ते पुन्हा गठ्ठा उलगडायला लागले. तेवढ्यात बाई म्हणाल्या, “गुरुजी, रागावणार नसाल तर एक विचारू का?”

“विचारा की.”

“तुम्हालाही मूल नाही.”

“नाही.”

“मग तुमचा शब्द कुठल्या खणात आहे?”

“ ‘ब’च्या,” गुरुजी म्हणाले. “ब्रह्मचारी.”

“अर्थ काय दिलाय त्याचा?”

“पहिला अर्थ, व्रतस्थ.” गुरुजींचा आवाज थोडा उतरला. “दुसरा अर्थ, पूज्य.”

“चांगला खण आहे,” बाई म्हणाल्या आणि पुढची चिठ्ठी घेतली. त्यात टोमणा नव्हता. असता तर गुरुजींना बरं वाटलं असतं. त्या दिवशी त्यांचा चहा तसाच राहिला आणि त्यावर साय धरली.

आता खणवाचन कसं होतं ते ऐका. ज्या अक्षराची पाळी असेल तो खण बाहेर काढून मोठ्या टेबलावर ठेवतात. स्वल्पविराम एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचतात, आणि वाचताना मात्र लिहिलेले सोडून एकही विराम घेत नाहीत. बाकीचे ‘ठेवा’ म्हणतात, नाहीतर ‘काढा’. ‘काढा’ म्हटलेली चिठ्ठी टोपलीत जाते. चिठ्ठीत काही कमी असेल तर लिहिणाऱ्यानं तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर भरायचं. आणि एखाद्या अर्थाच्या सगळ्या नव्या चिठ्ठ्या टोपलीत गेल्या, तर जुन्या आवृत्तीतली नोंद जशीच्या तशी पुन्हा छापायची.

जुन्या आवृत्तीत ‘वांझ’ला पाच अर्थ होते. मूल न होणारी बाई किंवा गाय. फळ न येणारं झाड. पीक न येणारी जमीन. ज्यातून काही निघत नाही असं बोलणं. आणि पाचवा, ‘अशुभ’. पाचव्याखाली एक उदाहरण होतं. ते मी सांगणार नाही. तुम्ही लहान आहात, आणि मी लाकूड असलो तरी मला लाज आहे.

मला स्वतःला या शब्दाचा थोडा अनुभव आहे, म्हणून सांगतो. जमिनीला वांझ म्हटलं तर जमीन ऐकत नाही. गायीला म्हटलं तर ती रवंथ करत राहते. झाडाला म्हटलं तर ते कुऱ्हाड येईपर्यंत सावली देत उभं राहतं. बोलण्याला म्हटलं तर उलट समितीची पुढची तारीख ठरते. पाच अर्थांपैकी कान फक्त बाईला आहेत.

वाचनाच्या दिवशी हवा दमट होती. मामांनी मला ओढलं. मी निघालो नाही. त्यांनी जोर लावला. मी तसाच. खरं सांगतो, त्या दिवशी दमटपणाचा दोष अर्धाच होता. सात चिठ्ठ्या पोटात घेऊन टोपलीशेजारी जाऊन बसायची माझी इच्छा नव्हती.

“हा खण म्हणजे ना, माझ्या थोरल्यासारखा आहे,” मामा म्हणाले. “बोलावलं की रुसतो.” मग त्यांनी ‘ळ’ उघडला, मेणबत्तीचा तुकडा काढला, माझ्या कडांना चोळला, खालून दोन टपल्या दिल्या आणि मला मायेनं बाहेर काढलं. मायेपुढे कोणाचं चाललंय?

सकाळभरात ‘वकील’पासून ‘वळण’पर्यंत झालं. जेवणानंतर ‘वांझ’ निघाला. पहिले चार अर्थ सरळ गेले. चौथ्या अर्थाला स्वल्पविराम म्हणाले, “उदाहरण, कमी पडलं, तर आपल्या, समितीचं इतिवृत्त, जोडा.” सगळे हसले. मग पाचवा आला. गठ्ठ्यातून बाईंच्या सात चिठ्ठ्या वर आल्या.

स्वल्पविरामांनी पहिली उचलली आणि वाचायला तोंड उघडलं.

“थांबा,” शेजारून डोकावत गुरुजी म्हणाले. “यात ‘कोणाला उद्देशून’ लिहिलेलं नाही. बघू दुसरी. हिच्यातही नाही.” त्यांनी सातही पाहिल्या. “अक्षर बाईंचं आहे. बाई, तुमच्याकडून ही चूक? तुम्ही तर साधा स्वल्पविरामसुद्धा…”

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं.

“…विसरत नाही,” गुरुजींनी वाक्य कसंबसं पूर्ण केलं.

“नियम, तर, नियम आहे,” स्वल्पविराम म्हणाले. “अपुऱ्या चिठ्ठ्या, ठेवता, येत नाहीत. मामा, टोपली. जुनीच नोंद, जाऊ द्या.”

मामांनी टोपली आणली. मित्रांनो, टोपली वेताची असते आणि आतून फार खोल दिसते.

बाई उठल्या नाहीत. हात मांडीवर होते. टोपलीकडे बघत होत्या. जुनी नोंद गेली असती तर ‘अशुभ’ हा अर्थ आणि त्याखालचं ते उदाहरण आणखी पन्नास वर्षं, जाड अक्षरात, शाळाशाळांच्या कपाटांत राहिलं असतं. आणि चिठ्ठ्या राहू द्यायच्या तर रकाना भरायला हवा, इथे, या तिघांसमोर. वीस वर्षं ज्या दोन अक्षरांना हात लावला नाही, ती लिहायला हवीत.

“नका टाकू,” बाई म्हणाल्या. “भरते.”

त्या पेन घेऊन टेबलाशी आल्या. पहिल्या चिठ्ठीच्या कोऱ्या रकान्यात लिहिलं: मला. दुसऱ्या चिठ्ठीवर: मला. सातही चिठ्ठ्यांवर तेच, त्याच सुबक अक्षरात. सहाव्या चिठ्ठीवर निब थोडं अडलं, तेवढंच. मग चिठ्ठ्या सारख्या करून साहेबांपुढे ठेवल्या आणि आपल्या जागी जाऊन बसल्या.

गुरुजी म्हणाले, “बाई, मला वाटलं, तुम्ही बाहेर कुठेतरी ऐकलं असेल. इतकं सगळं कानावर येतं कसं?”

“त्यासाठी कान टवकारावे लागत नाहीत, गुरुजी. आपोआप येतं.”

स्वल्पविरामांना आता वाचणं भाग होतं. नियम त्यांचाच होता.

“वाक्य: ‘वांझेचा हात लागला, म्हणूनच दूध नासलं.’ बोलणारी: मोठी जाऊ. उद्देशून: मला. स्थळ: स्वयंपाकघर.”

“ठेवा,” गुरुजी म्हणाले.

“वाक्य: ‘वांझ असली तरी स्वभावानं गोड आहे हो.’ बोलणारी: शेजारीण. उद्देशून: मला. स्थळ: जिना.”

“ठेवा.”

“वाक्य: ‘लोक तुला वांझ म्हणतात ना, म्हणून सांगते बाळे, बारशाच्या पाळण्याजवळ नको जाऊस.’ बोलणारी:…” स्वल्पविराम थांबले. या वेळचं थांबणं सवयीचं नव्हतं. “बोलणारी: आई. उद्देशून: मला. स्थळ: माहेर, मागचं दार.”

मामांनी टोपली उचलून दाराआड नेऊन ठेवली.

चौथी, पाचवी, सहावी झाली. सातवी चिठ्ठी उचलून स्वल्पविरामांनी वाचायला सुरुवात केली.

“वाक्य: ‘मी, सांगतो ना, वांझ बाई, कामाला, उत्तम. मागे, ओढणारं, कोणी नसतं.’ ”

बोलणाऱ्याचा रकाना वाचायची गरज राहिली नाही. बाईंनी वाक्य जसं ऐकलं तसं उतरवलं होतं, एकही विराम न गाळता. मामांनी खाली पाहिलं. गुरुजींनी छताकडे पाहिलं. तरी स्वल्पविरामांनी वाचलं, कारण चिठ्ठी अर्धी सोडता येत नाही. “बोलणारा: मुख्य संपादक. उद्देशून: मला. स्थळ: हीच खोली. प्रसंग: कौतुक.”

त्यांनी चष्मा काढला. पुसला. परत लावला. “हे, मी, कधी…”

“ ‘त’ चालू होता तेव्हा,” बाई म्हणाल्या. “बाहेरचे पाहुणे आले होते. तुम्ही त्यांना माझं काम दाखवत होतात. मनापासून बोलत होतात, साहेब. म्हणून प्रसंगाच्या रकान्यात मी कौतुकच लिहिलं. खोटं लिहून कसं चालेल?”

स्वल्पविरामांच्या तोंडून मग जे निघालं ते माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या स्वतःच्या वाक्यात एकही थांबा नव्हता. “हा शब्दच काढून टाकू कोशातून.”

“नको,” बाई लगेच म्हणाल्या. “शब्द काढलात तर बोलणाऱ्यांचं फावेल. असा शब्दच नाही म्हणतील, आम्ही बोललोच नाही म्हणतील. राहू द्या. कोण बोलतं आणि कोणाला बोलतं, तेही राहू द्या.”

“मग पाचव्या अर्थाचं काय करायचं?” मामांनी विचारलं. मामांना वाचनात बोलायचा अधिकार नव्हता. त्या दिवशी कोणी तो मुद्दा काढला नाही.

गुरुजींनी जुनी नोंद पुढ्यात ओढली. मग म्हणाले, “अर्थ शब्दाचा असतो. हा शब्दाचा नाही. हा बोलणाऱ्याचा आहे.” आणि त्यांनी पेन उचलून ‘अशुभ’ या शब्दापुढे तीन शब्द जोडले.

नव्या आवृत्तीत ते तुम्हाला दिसतील: ‘५. अशुभ, हा बोलणाऱ्याचा समज.’ त्याखाली सात वाक्यं, बोलणाऱ्यासह.

“सातवंही छापायचं का, साहेब?” गुरुजींनी विचारलं होतं.

“छापा,” स्वल्पविराम म्हणाले. पूर्णविराम.

आता तुम्ही विचाराल, त्यामुळे काय झालं? कोश वाचून माणसं सुधारतात असं मी पाहिलेलं नाही. बहुतेक लोक कोशाचा उपयोग दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून करतात. मोठ्या जाऊबाईंनी तो उघडला नाही, आणि त्यांच्याकडचं दूध अधूनमधून नासतच राहिलं, बाई त्या घरात नसतानाही. पण आवृत्ती निघाल्यावर काही महिन्यांनी टपालानं पाकिटं यायला लागली. कुठून कुठून. आत आमच्यासारख्याच चिठ्ठ्या, वहीच्या कागदावर पट्टीनं रकाने आखून केलेल्या. शब्द: वांझ. बोलणारी: नणंद. बोलणारा: डॉक्टर. बोलणारी: वर्गशिक्षिका. आणि ‘कोणाला उद्देशून’ हा रकाना एकीचाही कोरा नव्हता. एक चिठ्ठी एका पुरुषाची होती. बोलणारे: वडील. उद्देशून: मला. त्याला जो शब्द म्हणाले तो दुसऱ्या अक्षराचा होता, म्हणून ती ‘न’च्या खणात गेली. बाईंनी ती स्वतः नेऊन ठेवली.

बाई प्रत्येक पाकिटाला पोच पाठवत. मी इतका भरलो की मला बंद करताना मामा गुडघा लावत. “आधी उघडेना, आता मिटेना,” ते म्हणत. “माझी सहाच्या सहा याच्यात आहेत.”

मग संगणक आला. चिठ्ठ्या त्यात गेल्या आणि कपाट अडगळीत गेलं. तिथली वर्षं मी सांगत नाही. अंगावर धूळ, वर मोडका पंखा, आणि ‘श’च्या पोटात उंदराचं बिऱ्हाड. शेवटी जागा रिकामी करायची ठरली आणि ज्याला हवा त्यानं खण न्यावा अशी सूचना लागली. मामांनी ‘ळ’ नेला, गोळ्यांसकट. मला बाईंनी नेलं.

आता मी त्यांच्या खिडकीपाशी छोट्या टेबलात बसवलेला आहे. माझ्यात बटणं आहेत, विजेरी आहे, औषधं आहेत, ती सगळी पाकिटं आहेत. तुम्हाला वाटेल, म्हातारपणी माझ्या लाकडातून अचानक कोंब फुटला, पान आलं आणि बाईंनी डोळे पुसले. नाही फुटला. मी खण आहे. बाईंच्या दारातही कोणी पाहुणा वर द्यायला आला नाही. दर आठवड्याला गुरुजी तेवढे येतात, काठी टेकत. आल्या आल्या म्हणतात, “बाई, अजून नाही सापडली.”

“राहू द्या, गुरुजी. चहा घ्या. साय धरेल.”

जिला शेवटपर्यंत मूल झालं नाही, आणि तरी जी गोष्टीत शेवटपर्यंत राहिली, अशी बाई ते अजून ग्रंथांत शोधत आहेत. नियमाचे पक्के. त्या वाचनानंतर त्यांनीच एक चिठ्ठी माझ्यात ठेवली होती, ती अजून तळाशी आहे. शब्द: वांझ. वाक्याचा रकाना कोरा. सहीच्या वर बारीक अक्षरात लिहिलंय: ‘उदाहरण मिळालेलं नाही. शोध चालू.’ ग्रंथावरून मान वर करून समोर पाहिलं, तर चहा गाळत ती उभी आहे. पण गुरुजींना छापील पुरावा लागतो. म्हणून म्हटलं, तिची गोष्ट आपणच सांगावी.

तेव्हा मित्रांनो, दोनच विनंत्या. एक म्हणजे, जुना खण कधी हिसकून ओढू नका. थोडं मेण लावा, खालून टपली द्या, येतो तो. आणि दुसरी: कोणाबद्दल एखादा शब्द तोंडात आला, तर बोलण्याआधी तो एक रकाना मनातल्या मनात भरून बघा. कोणाला उद्देशून? तिथे एका माणसाचं तोंड दिसेल. ते नीट बघा. मग वाटलं तर बोला.

येतो. बाईंना विजेरी हवी आहे, आणि आज हवा दमट आहे. पण बाईंसाठी मी अडत नाही.